उपकेंद्रात रेंज नाही आणि सगळं ऑनलाइन करायला सांगितलंय. रजिस्टर बंद करू का?

पाड्यावरची_सीएचओ (प्रश्न)

नमस्कार. मी बीएएमएस. जूनमध्ये एका आदिवासी तालुक्यातल्या उपकेंद्रात सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) म्हणून रुजू झाले. लोकसंख्या ३,१०० च्या आसपास, पाडे ९. त्यातल्या ४ पाड्यांवर मोबाइलला रेंज नाही. उपकेंद्रातही खिडकीत फोन ठेवला तर एखादी काडी येते, पाऊस लागला की तीही जाते.

गेल्या मीटिंगमध्ये सांगितलं की आता सगळ्या नोंदी ऑनलाइनच करा, आभा कार्डं (आरोग्याच्या नोंदींसाठीचा ओळख नंबर) वाढवा, टेलिकन्सल्टेशन (व्हिडिओवरून डॉक्टरांचा सल्ला) वाढवा. माझा त्याला विरोध अजिबात नाही, कॉलेजात असताना मला याच गोष्टीचं आकर्षण होतं. पण सध्या मी दुपारी १ पर्यंत ओपीडी करते, गृहभेटी करते आणि संध्याकाळी पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर जाऊन बसते. तिथे रेंज येते. दिवसभराचे पेशंट आठवून आठवून ॲपमध्ये भरते.

परवा एक आजी आल्या. बीपी १८०/११०. ॲप अडकलं होतं आणि मी ते गोल फिरणारं चक्र बघत बसले होते. त्या म्हणाल्या, "तू कामात हाईस बाई, मी उद्या येते," आणि उठून निघाल्या. मी पायऱ्या उतरून त्यांच्या मागे धावले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझे प्रश्न असे. कागदाचं रजिस्टर बंद करावं का? आभासाठी ओटीपी मागितला की लोक घाबरतात, त्यांना काय सांगायचं? आणि टेलिकन्सल्टेशन कोणत्या पेशंटचं करावं, कोणाचं करू नये? जे प्रत्यक्ष हे काम करतात त्यांनी सांगावं.

---

उपकेंद्राची_सिस्टर

मॅडम, मी एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स आहे. सुरगाणा आणि पेठ या भागात माझी २३ वर्षं नोकरी झाली. तुम्ही त्या आजींच्या मागे धावलात हे वाचून बरं वाटलं, म्हणून सविस्तर लिहिते.

रजिस्टर बंद करू नका. पण सगळी रजिस्टरं सांभाळूही नका. एकच ठेवा, आणि ते पाड्यानुसार ठेवा.

माझ्या डोळ्यांसमोर हे सगळं बदलत गेलं. २००८ नंतर एचएमआयएसचा (आरोग्य खात्याच्या आकडेवारीचा) महिन्याचा रिपोर्ट संगणकावर जाऊ लागला, तेव्हा फक्त आकडे जायचे. मग गरोदर मातांच्या आणि बाळांच्या नावानिशी नोंदी एमसीटीएसवर सुरू झाल्या. पुढे आरसीएच पोर्टल आलं, मग तेच टॅबवर, अनमोल ॲपमध्ये. लसीकरणासाठी यू-विन, क्षयरोगासाठी निक्षय, बीपी-शुगरसाठी एनसीडीचं पोर्टल. प्रत्येकाचा हेतू चांगला आहे. पण एका गरोदर बाईची एक तपासणी झाली की ती कुठे कुठे लिहावी लागते ते मी एकदा मोजलं. आरसीएच रजिस्टर, टॅब, तिचं एमसीपी कार्ड (माता-बाल संरक्षण कार्ड), आशाताईंची डायरी, महिन्याचा रिपोर्ट, मातृवंदना योजनेचा फॉर्म, आणि अंगणवाडीताई पोषण ट्रॅकर ॲपवर भरतात ते वेगळंच. सात ठिकाणी. बाई तीच, वजन तेच.

यातून जे होतं ते मी स्वतः केलंय, म्हणून सांगते. संध्याकाळी टाकीवर बसून आठवून भरलेला बीपी नेहमी १२०/८० च निघतो. कुणी मुद्दाम खोटं लिहीत नाही. दिवसभर ४० माणसं बघितल्यावर कोणाचा १२६ आणि कोणाचा १३८ हे लक्षात राहत नाही, आणि रकाना रिकामा सोडला तर ॲप पुढे सरकत नाही. एके वर्षी मी माझ्याच नोंदी चाळल्या तर ओळीने १२०/८०, १२०/८०, ११०/७०. त्यातल्या एका बाईला पुढे झटके आले होते. ती वाचली, पण तिच्या नावापुढचा तो १२०/८० मी विसरले नाही.

तेव्हापासून माझा नियम आहे. मोजलं की त्याच क्षणी, मशीनचा पट्टा दंडावर असतानाच, कागदावर लिहायचं. ऑनलाइन नंतर भरायचं, पण कागदावर बघून. जे मोजलं नाही ते भरायचं नाही, आणि का मोजलं नाही ते एमओ साहेबांना (वैद्यकीय अधिकाऱ्यांना) सांगायचं. कोणत्या पाड्यावर रेंज नाही हे तोंडी न सांगता लेखी द्या, पाड्यांच्या नावांसकट. दोनदा दिलंत तरी चालेल.

आता ओटीपीचं. लोक घाबरतात ते बरोबरच आहे. बँकेवाले सांगतात ओटीपी कुणाला देऊ नका, आणि आपण दारात उभं राहून ओटीपी मागतो. शिवाय मोबाइल नवऱ्याचा, आणि नवरा दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडला द्राक्षबागेवर. बाई इथे, ओटीपी तिकडे. आधारवर जन्मतारीख बहुतेकांची १ जानेवारी, वर्ष अंदाजाने टाकलेलं. माझ्याकडे एका बाईचं वय आधारवर ४१ निघालं, तिचा पहिला गर्भ होता आणि ती जेमतेम पंचविशीची. ॲपने तिला जोखमीच्या यादीत टाकलं. अशा वेळी बाईकडे बघायचं, आणि खरं वय कागदावर लिहून ठेवायचं.

मी ओटीपी असा मागते: आधी बसते. सांगते की हा १४ आकडी नंबर आहे, काढायचा की नाही हे तुमच्या हातात आहे, नाही काढला तरी गोळ्या, लस, बाळंतपण काहीही थांबणार नाही. या नंबराला बँकेचं काही जोडलेलं नाही. मेसेज आला की तो त्यांनाच वाचायला लावते, वाचता येत नसेल तर घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोरीला वाचायला लावते. नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देते. असं केलं तर दिवसाला ५-६ च होतात. शिबिरात रांग लावून ५० होतात हे मला माहीत आहे. पण त्या ५० जणांना विचारा, आभा म्हणजे काय. आधीच बाया लाडकी बहीणच्या केवायसीसाठी रेंज शोधत फिरल्यात, त्यांना वाटतं हेही तेच.

पण मॅडम, आभा मी मनापासून काढते. त्याचं कारण सांगते.

आमच्याकडची एक बाई, दुसरा गर्भ, सहावा महिना. एचबी (हिमोग्लोबिन) ७.४, रक्तगट बी निगेटिव्ह. ग्रामीण रुग्णालयात पाठवून आयर्न सुक्रोजची, म्हणजे लोहाची इंजेक्शनं सुरू केली होती. दोन घेतली आणि मुकादमाची गाडी आली, कुटुंब बागेवर गेलं. एमसीपी कार्ड घरातल्या पत्र्याच्या पेटीत राहिलं. मी सासूकडून ते काढून घेतलं, फोटो काढले आणि टाकीवर जाऊन नवऱ्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवले. बाईला फोनवर विचारून पाठवले. नवऱ्याला सांगितलं, हे फोटो पुसू नको. दीड-दोन महिन्यांनी रात्री तिला रक्तस्राव सुरू झाला. तिथल्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, आधीचे कागद? त्याने फोन पुढे केला. रक्तगटाची तपासणी त्यांनी पुन्हा केलीच, करायलाच हवी. पण रिपोर्ट येण्याआधीच बी निगेटिव्ह शोधायला माणूस नाशिकला निघाला होता. आई आणि बाळ दोन्ही सुखरूप परत आले. मुलगी आता अंगणवाडीत जाते.

तिची नोंद आमच्या पोर्टलवर पूर्ण होती, १२ आकडी आरसीएच नंबरसकट. पण तो नंबर नवऱ्याला माहीत नव्हता, आणि रात्री ११ वाजता त्या डॉक्टरांपुढे ते पोर्टल नव्हतं. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं, त्यात आभाचं म्हणणं नेमकं हेच आहे की माणूस जिथे जाईल तिथे त्याच्या परवानगीने त्याचे कागद दिसावेत. आमच्या स्थलांतर करणाऱ्या लोकांना याची जितकी गरज आहे तितकी शहरातल्या कुणालाच नाही. फक्त दोन्ही टोकं जोडलेली हवीत. इथे मी भरलं आणि तिथल्या डॉक्टरांकडे ते उघडतच नसेल, तर त्या बाईसाठी तो नंबर म्हणजे १४ आकडे. म्हणून तोवर कार्डाचा फोटो पाठवायचा. आणि तो फक्त घरच्या माणसाला, बाईच्या परवानगीने. ग्रुपवर कधीही नाही. एचआयव्ही, टीबी, गर्भपात यांच्या याद्या ग्रुपवर फिरताना मी पाहिल्यात आणि त्यावर भांडलेही आहे.

टेलिकन्सल्टेशन मला आवडतं. ई-संजीवनी या सरकारी टेलिकन्सल्टेशन सेवेवर आमच्याकडच्या सीएचओ जोडून देतात तेव्हा पेशंटला नाशिकची एक फेरी वाचते. म्हणजे एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी. त्वचेचे आजार, बीपी-शुगरच्या गोळ्या कमी-जास्त करणं, फिट्सचा जुना पेशंट, मानसिक आजाराची औषधं चालू असलेले, बाळंतपणानंतर उदास झालेली बाई, यांच्यासाठी ते फार चांगलं. पोटात कळा, धाप, छातीत दुखणं, गरोदर बाईला डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी, तापात सुस्तावलेलं बाळ, साप, यांच्यासाठी स्क्रीन उघडायचीच नाही. सरळ १०८.

डॉक्टर जोडले जाण्याआधी वजन, बीपी, नाडी, शुगर, चालू गोळ्यांची पाकिटं, सगळं टेबलावर तयार ठेवा. चट्ट्याचा फोटो दारात उजेडाला काढा, ट्यूबलाइटखाली रंग फसतो. स्क्रीन पेशंटकडे वळवा. डॉक्टर बोलले ते पेशंटच्या बोलीत परत सांगा आणि त्याच्याकडून वदवून घ्या. प्रिंटर बंद असेल तर प्रिस्क्रिप्शन त्याच्या वहीत हाताने उतरवून द्या.

त्या आजींचं पुढे काय झालं तेही कळवा.

---

आयएलआर_आणि_मी

मी पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) फार्मासिस्ट, कोल्ड चेन म्हणजे लसी थंड ठेवण्याचं कामही माझ्याकडेच. सिस्टरांनी १२०/८० चं लिहिलं, ते आमच्या तापमानाच्या रजिस्टरालाही तंतोतंत लागू आहे. आयएलआरचं (लसींच्या फ्रिजचं) तापमान २ ते ८ डिग्रीत हवं, सकाळ-संध्याकाळ दोनदा बघून लिहायचं. जुनी रजिस्टरं उघडा, महिनाभर ४ आणि ४. रविवारीही ४.

ई-विन (लसींचा साठा आणि तापमान बघणारी ऑनलाइन यंत्रणा) आलं तेव्हा मला वाटलं आणखी एक भरायचं काम. पण त्याचा तापमान मोजणारा लॉगर आयएलआरला लागलेला असतो, तो स्वतः मोजतो आणि स्वतः पाठवतो. मला फक्त साठ्याच्या नोंदी कराव्या लागतात. एका थंडीत पहाटे फोनवर मेसेज आला, तापमान २ च्या खाली. थर्मोस्टॅट बिघडला होता. मी क्वार्टरमधून तसाच उठून गेलो आणि लस कोल्ड बॉक्समध्ये हलवली. पेंटा, हिपॅटायटिस बी, टीडी या लसी एकदा गोठल्या की वाया जातात, आणि बाटलीकडे नुसतं बघून ते कळत नाही. तो मेसेज आला नसता तर सकाळी मी रजिस्टरात काय लिहिलं असतं, हा विचार आजही येतो.

म्हणून माझं मत असं. जे यंत्र माणसाचं काम कमी करतं आणि चूक झाली की त्याच माणसाला आधी सांगतं, ते लोक आपणहून वापरतात. मला कुणी ई-विनसाठी कधी मीटिंगमध्ये झापलेलं नाही. गरजच पडली नाही.

---

पुण्यातला_डेव्हलपर

मी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. ही चर्चा वाचून मला माझ्या कामाची लाज नाही, पण जबाबदारी जाणवली.

दोन गोष्टी सांगतो. आभामध्ये सगळे कागद एका सरकारी कपाटात जमा होत नाहीत. ज्या दवाखान्याने नोंद केली तिथेच ती राहते, पेशंटने संमती दिली की दुसऱ्या ठिकाणी दिसते. त्यामुळे सिस्टर म्हणतात तसं दोन्ही टोकांचं सॉफ्टवेअर जोडलेलं असणं हाच कळीचा भाग आहे. दुसरं, रेंज नसताना चालणारं सॉफ्टवेअर बनवता येतं. नोंद फोनमध्येच राहते, रेंज आली की आपोआप वर जाते. अवघड भाग पुढे येतो, एकाच बाईची नोंद दोन फोनवर वेगवेगळी बदलली की खरी कोणती मानायची. पण तेही सोडवता येतं. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोगचा दवाखाना आहे. बाह्मनी हे मुक्त सॉफ्टवेअर आधी त्यांच्या ग्रामीण दवाखान्याच्या गरजेतून उभं राहिलं, नंतर इतर देशांत गेलं. म्हणजे खेड्यातून सुरुवात करता येते.

सिस्टर, तुमच्या हातात असतं तर ॲपमध्ये कोणते बदल केले असते? मी खरंच लिहून घेणार आहे.

---

उपकेंद्राची_सिस्टर

दादा, विचारलंत याचा आनंद झाला. इतक्या वर्षांत ट्रेनिंगला बोलावलं गेलं, बटण कुठे आहे ते दाखवलं गेलं, पण हे कुणी विचारलं नाही.

पहिलं म्हणजे शोधणं. आमच्याकडे एका पाड्यावर एकाच नावाच्या चार बाया असतात. आडनावं गावित, चौधरी, पवार, भोये, सगळ्यांची तीच. नावाचं स्पेलिंग प्रत्येक वेळी वेगळं पडतं, मग सापडत नाही, मग नवी नोंद होते आणि एका बाईच्या दोन बाया होतात. मला पाडा आणि सासऱ्याचं नाव टाकून शोधता आलं पाहिजे. आम्ही माणूस तसाच ओळखतो.

मोबाइल नंबर सक्तीचा करू नका. नंबर नसेल तर आमच्या बिचाऱ्या आशाताई स्वतःचा टाकतात. एका आशाताईच्या नंबरवर अर्धा पाडा आहे, आणि सगळ्यांचे मेसेज तिलाच येतात.

वय अंदाजाने लिहायची सोय द्या. "मोजलं नाही" असा पर्याय द्या, आणि त्यापुढे कारण: मशीन बिघडलं, सेल संपले, बाई थांबली नाही. ही कारणं वरच्या लोकांनी वाचली तर त्यांना आमच्या उपकेंद्राबद्दल टक्केवारीपेक्षा जास्त कळेल.

"बाहेरगावी गेली" असं नुसतं टिक करून ती नोंद बंद होऊ देऊ नका. कुठे गेली, कोणत्या तालुक्यात, कोणाच्या बागेवर, हे विचारा आणि तिथल्या सिस्टरच्या यादीत ते नाव आपोआप जाऊ द्या. हे एवढं झालं ना, तर मी बाकी सगळी तक्रार सोडून देईन. माझ्याकडून ऑक्टोबरनंतर बाया जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये येतात. मधल्या काळात त्या कुणाच्याच यादीत नसतात. माझ्या यादीत त्या "गेलेल्या" आणि तिकडच्या सिस्टरला त्या आल्यात हेच माहीत नसतं. या दिवसांत काही झालं तर मला कळतं ते मुकादमाकडून, कधीकधी महिनाभराने.

आणि सकाळी ॲप उघडलं की आज कोणाकडे जायचं ते दिसू द्या. सध्या मी ॲपला सांगते मी काय केलं. ॲपने मलाही काही सांगावं.

---

पाड्यावरची_सीएचओ

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. सगळ्यांचे मनापासून आभार.

आजी सापडल्या. त्यांच्या पाड्यावर मी आणि आशाताई दुसऱ्याच दिवशी चालत गेलो. गोळ्या सुरू आहेत, काल बीपी १४६/९० होता, ओट्यावर बसवूनच मोजला आणि तिथेच वहीत लिहिला. ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलणंही झालं. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली तर आजींनी आधी पदर नीट केला आणि मग डॉक्टरांना नमस्कार केला.

एकच रजिस्टर ठेवलंय, पाड्यानुसार. मागच्या पानांवर बाहेर गेलेल्यांची यादी करतेय. रेंज नसलेल्या चार पाड्यांची नावं एमओ साहेबांना लेखी दिली. त्यांनी सांगितलं की त्या पाड्यांच्या नोंदी आठवड्यातून एकदा पीएचसीत येऊन भरल्या तरी चालतील. एवढ्यानेच माझ्या संध्याकाळी मोकळ्या झाल्या.

काल यादी करताना लक्षात आलं, एक गरोदर बाई आठवडाभर दिसली नाही. सातवा महिना, पहिलटकरीण. शेजारी म्हणाले, निफाडकडे गेले. आईकडून कार्ड घेतलं, नवऱ्याचा नंबर मिळाला, तिच्याशी बोलले, फोटो पाठवलाय. सिस्टर, तुमच्या ओळखीत तिकडच्या उपकेंद्राच्या कुणी सिस्टर आहेत का?

---

उपकेंद्राची_सिस्टर

आहेत. गाव आणि बागवाल्याचं नाव मला मेसेजमध्ये टाका, इथे लिहू नका, मी संध्याकाळी त्यांच्याशी बोलते. आणि फोटो एकच पाठवलाय म्हणता, तर बघा, सगळी पानं गेली का? रक्तगट कोणत्या पानावर आहे ते बघून तेवढा भाग जवळून पुन्हा काढा आणि पाठवा.